निवडणूक-प्रचाराचे प्रभावमापन : खानदेशातील इतिहास

निवडणुकीच्या काळात वृत्तपत्रे, पत्रके, सभा, पदयात्रा, पोवाडे, भिंतींवरील मजकूर व अलीकडील समाजमाध्यमे यांच्याद्वारे होणाऱ्या प्रचाराचा मतदाराच्या विचारावर आणि मतदानावर कितपत परिणाम होतो, हे ठरविण्याच्या प्रयत्नांस प्रचाराचे प्रभावमापन असे म्हणता येईल. या मापनात चार गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या ठेवाव्या लागतात : प्रचार किती लोकांपर्यंत पोहोचला, त्यांपैकी कितींनी तो वाचला किंवा ऐकून लक्षात ठेवला, त्यामुळे कितींचे मत बदलले अथवा पक्के झाले, आणि शेवटी कितींनी त्यानुसार मतदान केले. यांतील पहिली गोष्ट मोजण्यास सर्वांत सोपी व चौथी सर्वांत महत्त्वाची असते. सोप्या गोष्टीचा आकडा महत्त्वाच्या गोष्टीचे माप म्हणून वापरला जाणे, हा या विषयाच्या इतिहासातील सर्वांत जुना दोष होय. खप म्हणजे प्रभाव, गर्दी म्हणजे प्रभाव, किंवा विजय म्हणजे प्रभाव अशी समीकरणे त्यातूनच रूढ झाली.

हा प्रश्न केवळ अभ्यासकांपुरता मर्यादित नाही. लेखनाचा प्रभाव मोठा आहे असे गृहीत धरून ब्रिटिश सरकारने संपादकांना तुरुंगात टाकले व छापखान्यांकडून जामीन मागितले. स्वातंत्र्योत्तर काळात उमेदवारांच्या खर्चावर मर्यादा, पत्रकांवर मुद्रकाचे नाव छापण्याची सक्ती आणि विकत घेतलेल्या बातम्यांवरील कारवाई या गोष्टीही प्रचाराने मत बदलते याच गृहीतावर आधारलेल्या आहेत. गृहीत अतिशयोक्त असेल, तर लेखनस्वातंत्र्याचा बळी जातो. ते उणे असेल, तर पैशाला रान मोकळे मिळते. म्हणून प्रभावाचे माप किती विश्वसनीय आहे, हा लोकशाहीच्या व्यवहारातील प्रश्न ठरतो.

खानदेशचा इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक आहे. तापीच्या खोऱ्यातील या प्रदेशाचे १९०६ मध्ये पूर्व खानदेश व पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे झाले. महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीनंतर त्यांना अनुक्रमे जळगाव व धुळे ही नावे मिळाली. पूर्व खानदेशच्या ईशान्य कोपऱ्यातील रावेर आणि त्याला लागून असलेला यावल हे तालुके सातपुड्याच्या पायथ्याशी आहेत. भुसावळहून खांडव्याकडे जाणारा लोहमार्ग रावेरवरून जातो. यावल तालुक्यातील फैजपूर येथे १९३६ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत प्रांतिक निवडणुका झाल्या. एक मोठा प्रचारप्रसंग व लगेच येणारे मतदान इतके जवळ आल्याने प्रभावाच्या मापनातील सर्व अडचणी येथे एकत्र पाहावयास मिळतात.

सरकारी मोजमाप : प्रचारलेखनाचा प्रभाव नियमितपणे अजमावण्याचा महाराष्ट्रातील पहिला प्रयत्न सरकारने केला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मुंबई इलाख्यात देशी वृत्तपत्रांतील मजकुराचे इंग्रजी सारांश आठवड्याच्या आठवड्याला तयार होत. सरकारी भाषांतरकाराच्या कचेरीत तयार होणारे हे अहवाल गोपनीय असत व ते वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे पाठविले जात. त्यांत पत्राचे नाव, प्रकाशनस्थळ, ते दैनिक की साप्ताहिक, संपादकाचे नाव, जात व वय आणि खप यांची नोंद केलेली असे. जळगावचे प्रबोधचंद्रिका व धुळ्याचे खानदेश वैभव ही साप्ताहिके या याद्यांत आढळतात. प्रबोधचंद्रिकेशी संबंधित असलेले नारायण नरसिंह फडणीस यांनीच १८८७ मध्ये जळगावहून काव्यरत्नावली हे केवळ कवितेला वाहिलेले मासिक सुरू केले. जिल्ह्याच्या गावीही छापखाना, संपादक व वाचक यांचे एक छोटे वर्तुळ तयार झाले होते, याची ही खूण आहे.

या अहवालांचे मोल मोठे आहे. कारण मूळ अंक नष्ट झालेल्या अनेक पत्रांचा मजकूर आज केवळ त्यांतूनच कळतो. परंतु प्रभावाचे साधन म्हणून ते सावधपणे वापरावे लागतात. खपाचे आकडे बहुधा शेकड्यांच्या पूर्णांकात दिलेले असतात. भाषांतरासाठी निवडलेला मजकूर हा सरकारला धोकादायक वाटणारा मजकूर असे. वाचकाला महत्त्वाचा वाटलेला मजकूर तोच असेल असे नाही. पाऊस, बाजारभाव, सोयरिकी व गावगाड्यातील तक्रारी यांसाठी वाचले जाणारे साप्ताहिक अहवालात मात्र केवळ राजकीय पत्र म्हणून दिसते. थोडक्यात, या नोंदी लोकांवरील प्रभावाइतकेच सरकारच्या धास्तीचे माप देतात.

न्यायालयीन भूमिका : कायद्याने तर मापनाचा प्रश्न बाजूलाच ठेवला. २२ जून १८९७ रोजी पुण्यात रँड व आयर्स्ट या अधिकाऱ्यांवर गोळ्या झाडण्यात आल्या. त्यानंतर केसरीतील लेखनाबद्दल बाळ गंगाधर टिळक यांच्यावर राजद्रोहाचा खटला झाला व त्यांना अठरा महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. लेख व हत्या यांचा संबंध आहे, अशी इंग्रजी वृत्तपत्रांतून हाकाटी झाली होती. मात्र न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला केलेल्या मार्गदर्शनात अप्रीती निर्माण करण्याचा प्रयत्न एवढाच गुन्ह्यास पुरेसा मानला. लेखनामुळे प्रत्यक्ष दंगल किंवा उठाव झाला की नाही, ही गोष्ट गैरलागू ठरविली. म्हणजे शिक्षेचे नैतिक समर्थन प्रभावाच्या भीतीत होते, पण प्रभाव सिद्ध करण्याची जबाबदारी कोणावरच नव्हती. १९१० चा वृत्तपत्र कायदा व १९३१ चा आणीबाणीच्या अधिकारांचा वृत्तपत्र कायदा यांनी जामिनाची पद्धत आणून हीच वाट रुंद केली. वाचकावर काय परिणाम झाला हे न विचारता लेखनावर किंमत बसविण्याची ही रीत होती.

फैजपूर अधिवेशन : २७ व २८ डिसेंबर १९३६ रोजी जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली फैजपूर येथे भरलेले अधिवेशन हे ग्रामीण भागात झालेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन होय. अधिवेशन खेड्यात भरवावे, हा आग्रह महात्मा गांधींचा होता. स्वागताध्यक्ष शंकरराव देव हे होते. अधिवेशनाच्या नगराला टिळकनगर असे नाव देण्यात आले होते व त्याची मांडणी आणि सजावट चित्रकार नंदलाल बोस यांच्या मार्गदर्शनाखाली बांबू, चटया आदी स्थानिक साहित्यातून करण्यात आली. रावेर तालुक्यातील खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी हे पोलीस खात्यातील नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले होते. अधिवेशनाच्या स्थानिक उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. अमळनेरच्या शाळेतील शिक्षकाची नोकरी १९३० मध्ये सोडून स्वातंत्र्यलढ्यात आलेले साने गुरुजी यांनी खेडोपाडी फिरून अधिवेशनासाठी प्रचार केला.

या अधिवेशनाने शेतकऱ्यांविषयीचा कार्यक्रम मंजूर केला. खंड व जमीनमहसूल यांत कपात, न परवडणाऱ्या छोट्या धारणांना सूट, कर्जाच्या भारातून दिलासा, वेठबिगारी व सरंजामी हक्क यांचे उच्चाटन, सहकारी शेती आणि शेतमजुरांना रास्त वेतन या त्यातील प्रमुख मागण्या होत्या. त्याच सुमारास अखिल भारतीय किसान सभेचे अधिवेशनही फैजपूर येथे एन. जी. रंगा यांच्या अध्यक्षतेखाली झाले आणि मनमाडहून निघालेली शेतकऱ्यांची पदयात्रा तेथे येऊन पोहोचली.

उपस्थितीचा अंदाज समकालीनांनी लाखाच्या घरात केला. एवढ्या आकड्यावरून अधिवेशनाचा प्रभाव प्रचंड होता, असा निष्कर्ष काढण्याचा मोह स्वाभाविक आहे. तथापि या गर्दीत अनेक प्रकारचे लोक होते : दूरच्या प्रांतांतून आलेले प्रतिनिधी, आधीच काँग्रेसचे असलेले कार्यकर्ते, गांधी व नेहरूंच्या दर्शनासाठी आलेले शेतकरी, जत्रेच्या ओढीने आलेली बायकापोरे, आणि मालविक्रीसाठी आलेले दुकानदार. यांपैकी बहुसंख्य लोकांना मतदानाचा अधिकारच नव्हता. १९३५ च्या भारत सरकारच्या कायद्यानुसार मताधिकार जमीनमहसूल, घरभाडे, प्राप्तिकर, शिक्षण इ. पात्रतांवर अवलंबून होता आणि साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात मतदारांची संख्या सु. ३ कोटी होती. ज्यांच्यासाठी शेतकरी कार्यक्रम लिहिला गेला, ते खंडकरी व शेतमजूर यांतील मोठा भाग मतपेटीपासून दूरच राहिला. गर्दी व मतदार ही दोन भिन्न मंडळे होती. पहिलीची मोजदाद दुसरीला लावता येत नाही.

१९३७ ची निवडणूक : फेब्रुवारी १९३७ मध्ये मुंबई प्रांतिक विधानसभेची निवडणूक झाली. एकूण १७५ जागांपैकी निम्म्याच्या आसपास जागा मिळवून काँग्रेस हा सर्वांत मोठा पक्ष ठरला व काही महिन्यांच्या घटनात्मक पेचानंतर जुलै १९३७ मध्ये बाळ गंगाधर खेर यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले. या निवडणुकीच्या दौऱ्यांत आपण सु. ५० हजार मैल प्रवास केला आणि सभांना सु. १ कोटी लोक उपस्थित राहिले, असा हिशेब नेहरूंनी पुढे मांडला. प्रवास व श्रोते यांचे हे आकडे पोच दर्शवितात. मते किती बदलली हे ते सांगत नाहीत.

खानदेशापुरते पाहिले, तरी काँग्रेसच्या यशाची इतर कारणे तितकीच बलवत्तर होती. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले आणि कापसावर जगणाऱ्या या जिल्ह्यांत सावकारी कर्जाचा भार असह्य झाला. १९३०–३२ च्या सविनय कायदेभंगात तुरुंगात गेलेल्यांची घरे गावोगाव होती. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये विनोबांनी दिलेली गीतेवरील प्रवचने साने गुरुजींनी टिपून घेतली, ती याच काळातील. मंदीमुळे आलेला असंतोष, तुरुंगवासातून आलेली नैतिक प्रतिष्ठा आणि अधिवेशनाचा प्रचार ही तीन कारणे एकाच वेळी व एकाच दिशेने काम करीत होती. त्यांचा वाटा वेगळा काढण्यासाठी अधिवेशन न झालेल्या, पण अन्य बाबतींत सारख्या असलेल्या भागाशी तुलना करावी लागते.

अशी तुलना करू गेल्यास दुसरी एक वस्तुस्थिती समोर येते. बाबासाहेब आंबेडकर यांनी ऑगस्ट १९३६ मध्ये स्थापन केलेल्या स्वतंत्र मजूर पक्षाकडे अधिवेशनाचा थाट नव्हता, पैसा नव्हता व मोठी वृत्तपत्रे नव्हती. जनता हे साप्ताहिक व कार्यकर्त्यांच्या सभा एवढाच त्याचा आधार होता. तरीही त्या पक्षाने मुंबई प्रांतातील बहुसंख्य राखीव जागा जिंकल्या. पूर्व खानदेशातून त्या पक्षाचे दौलतराव गुलाजी जाधव निवडून आले. ज्या जिल्ह्यात काँग्रेसचा सर्वांत मोठा प्रचारसोहळा झाला, त्याच जिल्ह्यात अल्प साधनांचा दुसरा पक्ष यशस्वी झाला. प्रचाराचा आकार व प्रचाराचा परिणाम यांचे प्रमाण सरळ नसते, याचा हा पुरावा होय.

नमुना पाहणीचा उदय : मापनाच्या शास्त्रातही १९३६ हे वर्ष निर्णायक ठरले. त्या वर्षीच्या अमेरिकेतील अध्यक्षीय निवडणुकीत लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने सु. १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठविल्या. त्यांपैकी २० लाखांहून अधिक परत आल्या व त्यांच्या आधारे लँडन हे विजयी होतील असे भाकीत करण्यात आले. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. साप्ताहिकाच्या याद्या दूरध्वनी व मोटारी बाळगणाऱ्यांच्या नोंदींवरून केल्या होत्या आणि मंदीच्या काळात असे लोक सर्वसामान्य मतदारांचे प्रतिनिधित्व करीत नव्हते. शिवाय उत्तर पाठविण्याची तसदी घेणारे व न घेणारे यांच्या मतांतही फरक होता. जॉर्ज गॅलप यांनी तुलनेने फार लहान, पण समाजाच्या विविध थरांतून निवडलेल्या नमुन्यावरून विजेता अचूक सांगितला. संख्या मोठी असण्यापेक्षा नमुना प्रातिनिधिक असणे महत्त्वाचे, हा धडा त्यातून मिळाला. दोन महिन्यांच्या आत फैजपूर येथे जमलेल्या गर्दीलाही तोच धडा लागू पडतो. तीही आपण होऊन आलेल्यांची गर्दी होती.

तथापि मतदार कोणाला मत देणार हे कळल्याने त्याचे मत कशामुळे बनले ते कळत नाही. ही उणीव पॉल लाझर्सफेल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० च्या अध्यक्षीय निवडणुकीत ओहायओ राज्यातील ईरी परगण्यात केलेल्या पाहणीने काही अंशी भरून निघाली. सु. ६०० मतदारांच्या मे ते नोव्हेंबर या काळात त्यांनी पुनःपुन्हा मुलाखती घेतल्या. त्यामुळे प्रत्येक व्यक्तीचे मत केव्हा व कसे बदलले हे पाहता आले. प्रचाराने एका पक्षाकडून दुसऱ्या पक्षाकडे पूर्णपणे वळलेल्यांचे प्रमाण केवळ ८ टक्क्यांच्या आसपास निघाले. सुमारे निम्म्या लोकांच्या बाबतीत प्रचाराने असलेलेच मत पक्के केले. दुसरा निष्कर्ष अधिक दूरगामी होता. पुष्कळ लोक वृत्तपत्र किंवा नभोवाणी यांपासून थेट मत घेत नाहीत. आपल्या ओळखीतील, राजकारणात रस घेणाऱ्या व्यक्तीकडून ते घेतात. माध्यमाकडून या व्यक्तींकडे व त्यांच्याकडून इतरांकडे असा दोन टप्प्यांचा प्रवाह असतो, हा सिद्धांत येथून पुढे मान्यता पावला.

वाचक व श्रोते : खानदेशच्या संदर्भात हा दुसरा टप्पाच प्रमुख होता. १९३१ च्या जनगणनेनुसार देशातील साक्षरतेचे प्रमाण १० टक्क्यांहूनही कमी होते. खेड्यात येणारा अंक शाळामास्तर, तलाठी, दुकानदार किंवा शिकलेला तरुण वाचीत असे, व चावडीवर, पारावर किंवा ओट्यावर बसलेली मंडळी तो ऐकत. त्यामुळे एका प्रतीमागे किती माणसे धरावीत हा हिशेब गावोगावी बदलतो. वाचणारा कोणती बातमी मोठ्याने वाचतो, कोणती गाळतो, कोणत्या वाक्यावर थांबून अहिराणीत अथवा गावच्या बोलीत टिप्पणी करतो, यावर मजकुराचा अर्थ ठरे. वाचणाऱ्याची गावातील पत हीच मजकुराची पत होई. म्हणून पाचशे खपाचे एखादे साप्ताहिक विश्वासू वाचकांच्या हाती असल्यास, हजारो प्रती छापलेल्या पत्रकापेक्षा अधिक परिणामकारक ठरू शकत होते.

साने गुरुजींनी १९३८ मध्ये अमळनेरहून सुरू केलेले काँग्रेस हे साप्ताहिक याचे चांगले उदाहरण होय. निवडणूक तोवर होऊन गेली होती व प्रांतात काँग्रेसचेच मंत्रिमंडळ होते. त्यामुळे या पत्राचा प्रभाव मतांच्या आकड्यात शोधणे व्यर्थ आहे. निवडणुकीत दिलेली वचने शेतकऱ्याच्या ध्यानात ठेवणे आणि आपल्याच पक्षाच्या सरकारकडे महसूलमाफीसारख्या मागण्या लावून धरणे, हे त्याच्या संपादकाचे कार्य होते. संपादक स्वतः गावोगाव फिरत असल्याने लेख, भाषण व व्यक्ती यांचा परिणाम वेगवेगळा करणे अशक्य होते. प्रचारलेखनाचे यश निकालाच्या दिवशी संपत नाही. दिलेल्या वचनाचा जाब विचारण्याची सवय लागणे हेही त्याचे एक फलित असते, आणि ते कोणत्याही मतमोजणीत दिसत नाही.

संयुक्त महाराष्ट्र आंदोलन : स्वातंत्र्यानंतर प्रौढ मताधिकारामुळे गर्दी व मतदार यांतील अंतर पुष्कळसे नाहीसे झाले. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीवर लढविली गेलेली १९५७ ची निवडणूक प्रचाराच्या प्रभावाचा ठळक दाखला म्हणून नेहमी सांगितली जाते. आचार्य अत्रे यांचे मराठा हे दैनिक नोव्हेंबर १९५६ मध्ये निघाले. अमर शेख, अण्णा भाऊ साठे आदी शाहिरांनी गावे जागविली. खानदेशात या वेळी काँग्रेसला मोठे धक्के बसले. पूर्व खानदेशातून नौशेर भरुचा हे मुंबईचे पारशी वकील, तर धुळ्यातून भारतीय जनसंघाचे उत्तमराव पाटील लोकसभेवर निवडून गेले. जिल्ह्यात जात, गोत किंवा जमीन यांचा आधार नसलेला उमेदवार निवडून येणे ही गोष्ट स्थानिक लागेबांध्यांवर प्रश्नाने मात केल्याचे दर्शविते.

परंतु पाच वर्षांनी झालेल्या निवडणुकीशी याची तुलना केल्यास चित्र अधिक स्पष्ट होते. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले व १९६२ मध्ये काँग्रेसने विधानसभेच्या २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या. मराठा निघतच होता. अत्र्यांची लेखणी व वाणी तीच होती. शाहिरांचे डफही तेच होते. बदलला होता तो प्रश्न. प्रचाराची साधने कायम असताना निकाल उलटला, यावरून १९५७ चे श्रेय केवळ साधनांना देता येत नाही असे दिसते. लोकांच्या मनात आधीच खदखदणाऱ्या भावनेला प्रचाराने शब्द, लय व दिशा दिली. भावना शमल्यावर त्याच शब्दांचे बळ उरले नाही. ईरी परगण्यातील पाहणीने व्यक्तीच्या पातळीवर जे दाखविले, तेच येथे प्रदेशाच्या पातळीवर आढळते : प्रचार मत घडविण्यापेक्षा ते पक्के व सक्रिय अधिक करतो.

भारतातील अभ्यास : भारतात गॅलप यांच्या पद्धतीवर मतपाहण्या करण्यास एरिक द कोस्टा यांच्या संस्थेने १९५० च्या दशकात आरंभ केला. रजनी कोठारी यांनी १९६३ मध्ये दिल्लीत स्थापन केलेल्या विकसनशील समाज अध्ययन केंद्राने १९६७ पासून राष्ट्रीय स्तरावर मतदारांच्या पाहण्या घेतल्या. महाराष्ट्रात पुणे विद्यापीठाचे व. म. सिरसीकर यांनी १९६२ च्या निवडणुकीतील पुण्याच्या मतदारांच्या वर्तनाचा अभ्यास केला. या पाहण्यांमुळे वय, जात, शिक्षण, व्यवसाय व पक्षनिष्ठा यांचा मताशी असलेला संबंध तपासता येऊ लागला. मात्र मतदाराने स्वतः सांगितलेल्या कारणाला मर्यादा असतात. ‘अमुक वाचल्यामुळे मत बदलले’ असे कोणी सहसा सांगत नाही. आणि जो सांगतो, त्याचे मत वाचण्यापूर्वीच बदलले नसेल असे नाही. ज्याला जे पटते ते तो वाचतो, त्यामुळे वाचन हे कारण की परिणाम असा पेच उभा राहतो.

हा पेच सोडविण्यासाठी क्षेत्रीय प्रयोगाची पद्धत पुढे आली. मतदारांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून दोन गट करावयाचे, एकाला प्रचार पोहोचवायचा, दुसऱ्याला नाही, व दोहोंतील फरक मोजावयाचा, असे तिचे स्वरूप आहे. ॲलन गर्बर व डोनाल्ड ग्रीन यांनी १९९८ मध्ये अमेरिकेतील न्यू हेवन येथे केलेल्या प्रयोगात प्रत्यक्ष घरी जाऊन केलेल्या आवाहनाने मतदानाचे प्रमाण लक्षणीय वाढले. दूरध्वनीवरील आवाहनाचा तसा उपयोग झाला नाही. २०१८ मध्ये जोशुआ काला व डेव्हिड ब्रूकमन यांनी अशा ४९ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. अमेरिकेच्या सार्वत्रिक निवडणुकांत एका उमेदवाराकडून दुसऱ्याकडे मत वळविण्याचा सरासरी परिणाम त्यांना जवळजवळ शून्य आढळला. हे निष्कर्ष पक्षनिष्ठा घट्ट असलेल्या समाजातील असल्याने ते जसेच्या तसे इकडे लावता येणार नाहीत. पण पायी फिरणाऱ्या कार्यकर्त्याचे महत्त्व त्यांनी नव्याने अधोरेखित केले.

रावेर मतदारसंघ : मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर रावेर हा लोकसभेचा स्वतंत्र मतदारसंघ २००९ च्या निवडणुकीपासून अस्तित्वात आला. जळगाव जिल्ह्यातील चोपडा, रावेर, भुसावळ, जामनेर व मुक्ताईनगर आणि बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूर हे विधानसभा मतदारसंघ त्यात मोडतात. २००९, २०१४, २०१९ व २०२४ या चारही वेळी येथून भारतीय जनता पक्षाचा उमेदवार लोकसभेवर गेला. याउलट रावेर विधानसभेचे निकाल पालटत राहिले : २००९ मध्ये शिरीष चौधरी हे अपक्ष म्हणून, २०१४ मध्ये भाजपचे हरिभाऊ जावळे, २०१९ मध्ये काँग्रेसचे शिरीष चौधरी आणि २०२४ मध्ये भाजपचे अमोल जावळे निवडून आले.

२०१९ चे वर्ष विशेष अभ्यसनीय आहे. २३ एप्रिल रोजी लोकसभेसाठी व २१ ऑक्टोबर रोजी विधानसभेसाठी मतदान झाले. लोकसभेत भाजपला मोठे मताधिक्य मिळाले; सहा महिन्यांनी त्याच सहा विधानसभा मतदारसंघांपैकी दोन भाजपकडे व एक त्याचा तत्कालीन मित्रपक्ष शिवसेना याच्याकडे गेला. रावेर व मलकापूर काँग्रेसने, तर मुक्ताईनगर अपक्ष उमेदवाराने जिंकले. मतदार बहुतांशी तेच, वृत्तपत्रे तीच, भ्रमणध्वनीवर येणारे संदेशही त्याच स्वरूपाचे होते. पहिल्या निकालावरून प्रचाराचा प्रभाव अमोघ ठरविणाऱ्याला दुसऱ्या निकालाचा उलगडा करता येत नाही. कोणत्या सभागृहासाठी मत द्यावयाचे, उमेदवार कोण, गावातील सहकारी संस्था, शिक्षणसंस्था व नातीगोती कोणाच्या बाजूची, बंडखोरी कोठे झाली, या गोष्टी प्रचाराच्या बरोबरीने तोलाव्या लागतात.

विधिनियम व प्रभाव : सध्याच्या कायद्यात प्रभावाऐवजी खर्च मोजला जातो. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मधील १२७ क या कलमानुसार निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक व प्रकाशक यांचे नाव व पत्ता असणे बंधनकारक आहे. २००९ च्या निवडणुकांनंतर महाराष्ट्रात विकत घेतलेल्या बातम्यांचा प्रश्न ऐरणीवर आला, तेव्हा निवडणूक आयोगाने जिल्हास्तरीय माध्यम संनियंत्रण समित्या नेमण्याची पद्धत सुरू केली. बातमीच्या वेषातील जाहिरात आढळल्यास तिने व्यापलेली जागा मोजून सरकारी जाहिरातदराने तिची किंमत उमेदवाराच्या खर्चात धरली जाते. ऑक्टोबर २०१३ मध्ये आयोगाने समाजमाध्यमांनाही हे नियम लागू केले. महाराष्ट्रासारख्या मोठ्या राज्यांत उमेदवाराच्या खर्चाची कमाल मर्यादा २०२२ पासून लोकसभेसाठी ९५ लाख रु. व विधानसभेसाठी ४० लाख रु. आहे, पक्षाने स्वतः केलेल्या सर्वसाधारण खर्चावर मात्र मर्यादा नाही.

रकाने व रुपये मोजण्याची ही पद्धत प्रभावाचा दावा करीत नाही, हा तिचा गुण आहे. १८९७ च्या न्यायालयाप्रमाणे तीही परिणाम सिद्ध करण्याच्या भानगडीत पडत नाही. परंतु तेथे मत मांडणे हा गुन्हा ठरला होता, तर येथे मताचा उगम व त्यामागील पैसा लपविणे हा दोष मानला जातो. दोन्ही व्यवस्थांतील हा फरक मूलभूत आहे. समाजमाध्यमांवरील दर्शकसंख्या, पसंतीच्या खुणा व पुढे पाठविलेल्या संदेशांची संख्या हे आकडे सरकारी भाषांतरकाराच्या यादीतील खपाच्या आकड्यांचेच नवे रूप होत. तेही पोच सांगतात, आणि तीही खात्रीने नव्हे.

समारोप : खानदेशातील सु. दीड शतकाच्या या इतिहासावरून प्रभावमापनाविषयी काही मर्यादित पण भक्कम विधाने करता येतात. खप व गर्दी हे प्रभावाचे पुरावे नसून त्याच्या शक्यतेचे पुरावे होत. निकाल हा अनेक कारणांची बेरीज असल्याने एकट्या प्रचाराला त्याचे श्रेय अगर दोष देता येत नाही. छापील शब्द आणि मत यांच्यामध्ये वाचून दाखविणारा, समजावून सांगणारा व ज्याच्यावर गावाचा विश्वास आहे असा माणूस उभा असतो. त्याची मोजदाद न करता केलेले मापन अपुरे राहते. प्रचार बहुधा मत उलटवीत नाही, ते जागे करतो. म्हणूनच लेखनाच्या प्रभावाची धास्ती घेऊन त्याच्यावर घाला घालणे जितके निराधार, तितकेच पैशाच्या बळावर पसरविलेल्या मजकुराला निरुपद्रवी समजणेही निराधार ठरते. फैजपूरच्या बांबूच्या नगरात जमलेल्या ज्या शेतकऱ्यांना १९३७ मध्ये मत नव्हते, त्यांच्या पुढच्या पिढीने १९५७ मध्ये प्रस्थापित पक्षाला नाकारले व १९६२ मध्ये त्यालाच स्वीकारले. प्रचाराचे कोणतेही माप तिच्या या स्वतंत्र निवाड्याला वगळून पुरे होत नाही.